स्लाउच म्हणजे नक्की काय? पोक काढणं की आळशीपणा?

कॉलेजरोडची_मावशी

मंडळी, एक शंका आहे. डिक्शनरी बघून झाली पण डोक्यात प्रकाश पडेना म्हणून धागा काढतेय. भाची आठवीत आहे, तिच्या डायरीत शाळेतून रिमार्क आला, "शी स्लाउचेस इन क्लास, प्लीज करेक्ट". बहिणीने मोबाईलवर अर्थ बघितला, तिथे आळशी, ढिला, गबाळा असलं काय काय दिसलं आणि तिने पोरीला धू धू धुतलं की वर्गात लोळत पडतेस का म्हणून. पोर रडकुंडीला आली, म्हणते मी सगळं लिहून घेते गं, फक्त जरा वाकून बसते. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना परदेशातल्या साहेबाची मेल आली, त्यात "युवर टीम इज नो स्लाउच" असं होतं, तर हे महाशय तेव्हापासून घुश्शात, म्हणे एवढं राबून वर हे ऐकायचं.

तर ह्या शब्दाचा नक्की अर्थ काय, शरीराबद्दल आहे का स्वभावाबद्दल? आणि उच्चार स्लच, स्लोच का स्लाउच? मराठीत एका शब्दात काय म्हणाल?

नाईट_शिफ्ट_अंबड

ताई, तुमच्या ह्यांना आधी चहा द्या आणि सांगा की ती स्तुती आहे 😄 क्रिकेटच्या कॉमेंट्रीत नाही का, एखादा बॉलर बॅटिंगला आला की म्हणतात ही इज नो स्लाउच विथ द बॅट, म्हणजे ह्याला हलक्यात घेऊ नका, हा पण मारतो. आपण म्हणतो ना, तो काही कच्चा खेळाडू नाही, तसंच.

निवृत्त_इंग्रजीवाले

वरचे बरोबर सांगतायत. उच्चार स्लाउच. काउच, पाउच, क्राउच ह्यांच्या पंगतीतला शब्द आहे, टचच्या नाही. स्पेलिंग शेवटी सारखं दिसतं म्हणून वर्गात निम्मी मुलं स्लच वाचायची, त्यात त्यांचा दोष नाही, इंग्रजी भाषाच तशी आहे.

आता अर्थ. ताईंनी विचारलंय शरीराबद्दल की स्वभावाबद्दल, तर गंमत अशी की आधी स्वभाव आला आणि शरीर मागून आलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत नाम म्हणून दिसतो, तेव्हा स्लाउच म्हणजे ऐदी, गबाळा, ढेंगळा माणूस. मूळ बहुधा उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांतलं, जुन्या नॉर्समध्ये स्लोकर म्हणजे आळशी इसम. मग अठराव्या शतकात तो असा माणूस जसा चालतो-बसतो त्या ढबीला लागला, म्हणजे मान पुढे, खांदे पडलेले, पाठ गोल. आज क्रियापद म्हणूनच जास्त वापरतात. डोन्ट स्लाउच म्हणजे पोक काढू नको, ही स्लाउच्ड इन द चेअर म्हणजे खुर्चीत घसरून बसला, शी वॉक्स विथ अ स्लाउच म्हणजे पोक काढून चालते.

पण जुना अर्थ मेलेला नाही, तो "नो स्लाउच" मध्ये जिवंत राहिला. ही इज नो स्लाउच ॲट मॅथ्स म्हणजे गणितात काही लेचापेचा नाही. हा वाक्प्रचार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुळला. आणि लक्षात घ्या, तो बहुतेक वेळा नकारातच येतो. कुणी "ही इज अ स्लाउच ॲट मॅथ्स" असं म्हणत नाही, व्याकरणाला चुकत नसलं तरी कानाला खटकतं.

जुनं_नाशिक

एवढी चर्चा कशाला, सरळ अर्थ आहे, पोरं आळशी झालीत. दिवसभर मोबाईलात मान घालून बसायचं आणि मग पाठ दुखते म्हणून क्लासला दांडी. आमच्या वेळी मास्तर पाठीवर लाकडी पट्टी आडवी ठेवायचे, वाकलास की पट्टी पडायची आणि पडली की तीच पट्टी हातावर. एकाला पोक आलं नाही.

पाच_फूट_दहा

@जुनं_नाशिक काका, राग मानू नका पण माझं नाव वाचा.

सातवीपासून मी वर्गात सगळ्यात उंच, मुलांपेक्षा पण. फोटो काढायच्या वेळी मागच्या रांगेत शिपाईकाकांच्या शेजारी. नातेवाईक घरी आले की पहिलं वाक्य "अगं किती वाढलीस, आता नवरा कुठून आणायचा". मग काय होतं माहितीये का, आपण नकळत कमी होत जातो. मान आधी पुढे येते, मग खांदे आत, दप्तर छातीशी धरायची सवय लागते म्हणजे हात पण आतच, आणि बाकावर बसलं की मागच्याला फळा दिसत नाही म्हणून तो ओरडतो त्यामुळे अजून खाली. ह्याला आळस म्हणायचं?? मला सगळे "ताठ बस ताठ बस" करायचे, एकानेही विचारलं नाही का वाकतेस. आठवीत मुलींच्या अंगात पण बदल होत असतात, ते झाकायला पण कित्येक जणी खांदे आत घेतात, हे कुठल्याही बाईला विचारा.

मावशी, भाचीची उंची किती आहे ते आधी बघा आणि तिचा बाक कितवा आहे ते पण.

कॉलेजरोडची_मावशी

@पाच_फूट_दहा अगं काय बोललीस. उंच आहेच ती, आईच्या डोक्याच्या वर गेलीये. बाकाचं विचारते.

कडक_मिसळ

पाच फूट दहा +१. मी उलट कारणाने वाकायचो, चष्मा लागलाय हे घरात कुणालाच कळलं नव्हतं, वहीला नाक लावून बसायचो. तो पण रिमार्क "बॅड पोश्चर" होता.

बाकी मराठी शब्द म्हणाल तर "पोक काढून बसणे" ह्याच्यावर काही शोधायची गरज नाही. आमची आज्जी "कुबड काढून काय बसलायस" म्हणायची. पण ते लोळण्याचं काय? सोफ्यावर घसरून, बुड कडेला आणि मान पाठीवर, रिमोट पोटावर, हे पण स्लाउचच ना? ह्याला पोक नाही म्हणता येणार.

निवृत्त_इंग्रजीवाले

चांगला मुद्दा. ते स्लाउचच. म्हणून तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. डेस्कवर ओणवं होऊन बसलेला पण स्लाउच आणि सोफ्यावर पसरलेला पण स्लाउच. दोन्हीत समान एवढंच की अंगातला ताठपणा सोडून दिलाय. मराठीत पहिल्याला पोक काढणं, दुसऱ्याला रेलणं, लोळणं, ऐसपैस पसरणं.

शेजारचे शब्द पण बघून घ्या कारण मुलं त्यांची सरमिसळ करतात. हंच म्हणजे खांदे वर आणि पुढे ओढून घेणं, थंडीत पहाटे गोदाघाटावर शाल लपेटून बसलेला माणूस असतो तसा, त्यात अंग आखडलेलं असतं, ढिलं नसतं. स्टूप म्हणजे कमरेतून किंवा खांद्यातून वाकणं, दारातून खाली वाकून आत जायला पण स्टूप आणि म्हाताऱ्याच्या पाठीला आलेला बाक पण स्टूप. स्लंप म्हणजे एकदम कोसळल्यासारखं बसणं, मटकन बसणं, म्हणून बाजार पडला की त्याला पण स्लंप. आणि क्राउच म्हणजे दबा धरून बसणं. उसात बिबट्या बसतो तो क्राउच करून, तो स्लाउच करत बसला असता तर गावकऱ्यांना एवढी भीती वाटली नसती.

ह्या सगळ्यांत माणसाच्या लायकीवर शेरा फक्त स्लाउचमध्ये दडलाय. स्टूप म्हटलं तर कुणाला राग येत नाही, वय झालं एवढाच अर्थ. मराठीत "पोक" म्हटलं की फक्त पाठ दिसते, माणूस आळशी आहे असं त्यात येत नाही, ते म्हणायचं तर वेगळं ऐदी म्हणावं लागतं. शिक्षिकेने बहुधा निव्वळ पाठीबद्दल लिहिलंय आणि बहिणीने ते स्वभावाबद्दल वाचलं, गोंधळ तिथे झालाय.

द्राक्षवाला_दिंडोरी

मास्तर लय भारी समजावलं. मला एक सांगा, आमच्याकडं कांद्याची लागण चालू असती डिसेंबर-जानेवारीत, बाया सकाळपासून कमरेत वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं ओल्या वाफ्यात एकेक रोप दाबत मागं मागं सरकायचं, जेवायच्या सुट्टीत उठल्या की आधी दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकतात मग डबा सोडतात. ह्यांना इंग्रजीत काय म्हणणार? आणि द्राक्षाच्या बागेत उलटं, विरळणीला आणि डिपिंगला (घड औषधात बुडवायला) मान वर आणि हात वर, संध्याकाळी मान खाली येत नाही. आमच्या वाकण्याला कुणी रिमार्क देत नाही 😂

निवृत्त_इंग्रजीवाले

त्याला स्टूप. शेतातल्या वाकून करायच्या कामाला अमेरिकेत "स्टूप लेबर" असा शब्दच आहे, आणि त्यावरून मोठा लढा झालाय. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना बुटक्या दांड्याचं कुदळीसारखं अवजार द्यायचे, लांब दांडा असता तर उभ्याने काम झालं असतं पण मुकादमाला लांबून कळायला हवं ना कोण वाकलंय आणि कोण उभा राहिलाय. पाठी कायमच्या गेल्या लोकांच्या. शेवटी १९७५ मध्ये त्यावर तिथे बंदी आली. म्हणजे बघा, तिथे ताठ उभा राहणारा माणूस आळशी ठरत होता.

जुनं_नाशिक

हे माहीत नव्हतं. बरं, पट्टीचं मागे घेतो, पण मोबाईलचं नाही.

देवळालीकर

थोडं अवांतर. स्लाउच हॅट हा पण शब्द आहे, कडा मऊ आणि लोंबती असते म्हणून स्लाउच, टोपी आळशी नसते. ऑस्ट्रेलियन सैनिकांची ती ओळखच, डावीकडची कड वर मुडपून पिन केलेली. आपल्या गोरखा रेजिमेंटची हॅट पण त्याच जातीची. आता विरोधाभास बघा, टोपीचं नाव स्लाउच आणि ती घालून उभा असलेला माणूस ओळंब्यात. आमच्या कॅम्पात तोफखाना स्कूलमुळे फौजी रोजच दिसतात, साध्या कपड्यात भाजी घेत असला तरी पाठीवरून ओळखू येतो, पिशवी वजनदार असली तरी खांदा पडत नाही.

आणि इंग्रजी शब्दांवर चर्चा चाललीच आहे तर नाशिककरांनी एक कॉलर टाईट करून घ्या. "डूलाली" हा शब्द इंग्रजांना आपण दिलाय. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असायचे, काम नाही, उकाडा, ताप, कंटाळा, मग एकेकाचं डोकं फिरायचं. त्याला ते "डूलाली टॅप" म्हणायचे, डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आता नुसतं डूलाली म्हणजे सटकलेला. ते बिचारे बराकीत नक्कीच स्लाउच करत पडलेले असणार.

कडक_मिसळ

देवळालीकर __/\__ पत्ता सांगताना आता छाती फुगवावी का लपवावी कळेना.

कात्री_टेप

नमस्कार, मी इंग्रजीतला नाही, पंचवटीत शिवणकाम करतो, वडिलांचंच दुकान. पण पोक हा आमच्या धंद्याचा विषय म्हणून लिहितो.

पोक असलेल्या गिऱ्हाइकाला सरळ कटिंगचा शर्ट दिला की तो मागून वर उचलला जातो, पुढून खाली लोंबतो आणि कॉलर मागे मानेपासून सुटते. गिऱ्हाईक म्हणतं कापड आटलं. कापड नाही आटलेलं, पाठ गोल आहे म्हणून मागची लांबी जास्त लागते आणि पुढची कमी. ते पाठ वाढवून पुढून काढावं लागतं, कोटाला तर फारच जपावं लागतं. खरी अडचण वेगळीच आहे. टेप मानेला लागला की माणूस ताठ होतो. आपोआप. श्वास आत, छाती पुढे, पोट गायब. ते माप धरलं तर कपडा फक्त दुकानातच बसणार. म्हणून वडील माप घेता घेता गप्पा काढायचे, पाऊस किती, गंगेला (म्हणजे आपल्या गोदावरीला) पाणी किती, लग्न कुणाचं, मग गिऱ्हाईक हळूहळू आपल्या मूळ जागेवर आलं की तेव्हा पाठीचं माप वहीत. मी पण तसंच करतो. आणि वहीत कुणाच्या नावापुढे पोक लिहीत नाही, नुसती एक खूण करतो, कारण वही गिऱ्हाइकाला दिसते.

पाच_फूट_दहा

@कात्री_टेप दादा तुमच्या दुकानाचं नाव इथे लिहू नका पण व्यनि करा, मला असाच टेलर पाहिजे.

मणका_मॅडम

उशिरा आले, पेशंट होते. फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दोन गोष्टी, त्या मास्तरांच्या व्याकरणाइतक्या रंजक नाहीत.

पाठ मुळातच सरळ नसते. मानेचे ७ मणके आत वळलेले, छातीमागचे १२ बाहेर, कमरेचे ५ परत आत. छातीमागचा बाक साधारण २० ते ४० अंश असला तर तो नॉर्मलच धरतात, त्याहून बराच वाढला की त्याला कायफोसिस म्हणतो (शब्दश: बघितलं तर प्रत्येकालाच कायफोसिस आहे, पण बोलताना वाढलेल्यालाच म्हणतात). त्यामुळे "ताठ बस" ह्याचा अर्थ पट्टीसारखं बस असा घेऊ नका, पट्टीसारखी पाठ हाही त्रासच आहे.

आता मुलांचं. पोक सवयीचं आहे की हाडाचं हे घरी ढोबळमानाने कळतं. मुलीला सांगा ताठ हो, किंवा पालथं झोपून छाती जरा उचलायला लावा. पाठ सरळ झाली तर बहुतेक सवयीचं. नाही झाली, गोलाई तशीच कडक राहिली, किंवा पुढे वाकल्यावर एका बाजूला जास्त उंचवटा दिसला तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात मणके पुढच्या बाजूने पाचरीसारखे होतात असा एक आजार असतो, शॉयरमान, तो ओरडून सरळ होत नाही, आणि अशा मुलांना वर्षानुवर्षं शिव्या खाव्या लागतात हे मी बघितलंय. पाठीत एकाच जागी टोकदार उंचवटा आणि सोबत ताप, वजन घटणं असं असेल तर मात्र अजिबात थांबू नका, मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे.

दप्तर पण तपासा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आहे. ४० किलोच्या मुलीला ४ किलो. एकदा काट्यावर ठेवून बघाच, पाण्याच्या बाटलीसकट.

नाईट_शिफ्ट_अंबड

मॅडम, मग स्लाउच करणं वाईट आहे की नाही ते एका वाक्यात सांगा, मी १२ तास मॉनिटरसमोर असतो आणि सध्या हे वाचताना पण घसरलेलाच आहे.

मणका_मॅडम

एका वाक्यात नाही येणार. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी एका माणसाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजायचा सेन्सर बसवून दिवसभराच्या सगळ्या हालचालींत दाब मोजला. त्यात खुर्चीत मागे रेलून घसरून बसल्यावरचा दाब ताठ बसण्यापेक्षा कमी निघाला, कारण अंगाचं वजन पाठीमागची खुर्ची घेते. एकच माणूस होता त्यामुळे त्यावर घरदार बांधू नका, पण "ताठ म्हणजे चांगलं, स्लाउच म्हणजे मणका खलास" इतकं सोपं गणित नाही एवढं नक्की. पुढे वाकून, आधाराशिवाय, मान लोंबकळत ठेवून बसणं वेगळं. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं, ते जितकं पुढे जाईल तितकं मानेच्या मागच्या स्नायूंना ओढून धरावं लागतं.

मी पेशंटना सांगते ते एवढंच की एकाच पोझमध्ये तासन् तास राहू नका, मग ती कितीही आदर्श असो. अर्ध्या तासाने उठा, पाणी आणायला जा, कांद्याच्या बाया करतात तसं हात कमरेवर ठेवून मागे वाका. दिंडोरीकर, तुमच्या बायांना ते कुणी शिकवलं नाही, पण बरोबर करतायत.

जुनं_नाशिक

मॅडम, ते ऑनलाइन पाठीचे बेल्ट मिळतात, खांद्यातून घालायचे, ते घेऊ का? मला नाही, घरच्यांसाठी. तिचं वय ६८, अलीकडे पाठ बरीच वाकलीये आणि साडी लांब पडते म्हणते, आधी कधी पडत नव्हती.

मणका_मॅडम

काका, बेल्ट थांबवा. बेल्टने दिवसभर ओढून धरलं तर स्नायू काम करत नाहीत, आणि तुम्ही सांगताय ते सवयीचं पोक नाहीच वाटत. साडी लांब पडते म्हणजे उंची कमी झाली असणार. ह्या वयात हाडं ठिसूळ होऊन मणके पुढून दबतात, कधी कधी न पडता, नुसती बादली उचलताना, आणि दुखलं तरी लोक वयाचं म्हणून सोडून देतात. ह्या आठवड्यात ऑर्थोपेडिककडे न्या, पाठीचा एक्स-रे आणि हाडांची घनता मोजायची डेक्सा टेस्ट लागेल का विचारा, जुना कुठला उंचीचा आकडा असेल तर सोबत न्या. तोपर्यंत पुढे वाकून जड काही उचलायला लावू नका, आणि घरात सैल पायपुसणी असतील तर काढून टाका.

जुनं_नाशिक

उद्याच नेतो. पासपोर्टच्या जुन्या फॉर्मवर उंची लिहिलेली असेल बहुतेक, शोधतो.